रोजची भाकर, रोजची क्षमा

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



या भाषणासाठी फोन आला तेव्हा मी ओट्यावर नागली निवडत बसले होते. पलीकडच्या ताईंनी विषय सांगितला : ख्रिस्ती श्रद्धेतून टिकणारा आनंद आणि मनाची शांती कशी मिळते? मी म्हटलं, "अहो, या विषयावर बोलायला आमचे पाळकसाहेब आहेत. मी साधी परिचारिका. जन्मभर इंजेक्शनं दिली आणि बाळांची वजनं केली." त्या म्हणाल्या, "म्हणून तर तुम्हाला विचारतेय." फोन ठेवला आणि निवडलेल्या नागलीत पुन्हा खडे दिसायला लागले. कारण शांती या शब्दाबरोबर माझ्या मनात एक गाव येतं, आणि त्या गावात मी माझी शांती आधी घालवली होती.

ते गाव म्हणजे वावर. तुमच्यापैकी पुष्कळांनी हे नाव एकदाच, आणि वाईट कारणानं ऐकलं असेल. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात लहान मुलं कुपोषणानं दगावली आणि ती बातमी साऱ्या महाराष्ट्रात पोहोचली. तेव्हा जव्हार-मोखाडा ठाणे जिल्ह्यात होते. पालघर जिल्हा वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी. मुंबईला पाणी देणारी वैतरणा याच डोंगरांतून वाहते. पावसाळ्यात इथं आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात बायका हंडा घेऊन झऱ्यापाशी रात्र काढतात. दोन्ही गोष्टी एकाच डोंगरावर.

मी जन्मानं ख्रिस्ती, नगरकडची. आता त्या शहराला अहिल्यानगर म्हणतात. माझ्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला, आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते, आई मंडळीच्या महिला सभेची चिटणीस. रविवारची उपासना, सणाची गाणी, झोपताना प्रार्थना, हे सगळं मला दुधाबरोबर मिळालं. दहाव्या वर्षी मला पर्वतावरचं प्रवचन जवळजवळ पाठ होतं. त्यामुळे माझ्या मनात शांती आहे, असं मी धरूनच चालले होते. आपल्या घरात तिजोरी आहे म्हणून तिच्यात पैसे असतीलच, असं लहान मूल धरून चालतं ना, तसं.

१९९२च्या पावसाळ्यात मी सव्वीस वर्षांची होते. आरोग्य पथकाबरोबर माझी वावरकडे रवानगी झाली. आमचं काम साधं होतं. पाड्यापाड्यावर जायचं, सहा वर्षांखालची मुलं काट्याला टांगून वजन करायचं, दंडाचा घेर मोजायचा, ज्याची तब्येत फार खालावली असेल त्याला दवाखान्यात हलवायचं.

इथं थोडं थांबून सांगते, कारण शहरातल्या माणसाला वाटतं की भूक म्हणजे अन्नाचा एकही कण नसणं. तसं नसतं. मागच्या वर्षीची नागली, वरई ज्येष्ठ-आषाढात संपते. नवं पीक हाती यायला दिवाळी उजाडते. मधले महिने रानभाजी, कडूकंद आणि पातळ आंबिलीवर काढायचे. नेमकी त्याच महिन्यांत आवणी असते. आई सकाळपासून चिखलात वाकलेली, धाकटं मूल आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. दूषित पाणी, जुलाब, ताप. धडधाकट मूल ज्या तापातून चार दिवसांत उठतं, त्याच तापात हे मूल दोन दिवसांत जातं. मग कागदावर मृत्यूचं कारण न्यूमोनिया किंवा अतिसार असं पडतं. भूक हे कारण मी आमच्या एकाही नोंदवहीत लिहिलेलं पाहिलं नाही. मीही लिहिलं नाही.

भाद्रपदातली एक संध्याकाळ. एका पाड्यावरचं काम आटपून आम्ही निघालो होतो. पाऊस वाढला होता आणि पुढचा ओहोळ भरला तर जीप अडकेल म्हणून ड्रायव्हर घाई करत होता. तेवढ्यात एक बाई मुलाला पदराखाली धरून पळत आली. मूल दोन वर्षांचं. पायांवर सूज, डोळे खोल, रडण्याचंही बळ नाही. वजन केलं, साडेपाच किलो. त्याला तेव्हाच उचलायला हवं होतं, हे मला कळत होतं. जीपमध्ये आम्ही दाटीवाटीनं बसलो होतो. माझ्या मांडीवर नोंदवह्यांचं खोकं होतं. मी तिला पावडरचं पाकीट दिलं, कसं पाजायचं ते सांगितलं आणि म्हटलं, "उद्या सकाळी गाडी घेऊन येते. तयार राहा."

दुसऱ्या दिवशी गाडी दुसरीकडे गेली. कारण सांगण्यासारखं होतं, मी ते वहीत लिहिलंही. तिसऱ्या दिवशी पोहोचले तेव्हा मूल नव्हतं. त्याच पहाटे गेलं होतं.

श्रोतेहो, त्या बाईनं मला एक शब्दही लावून बोलला नाही. सहकाऱ्यांनी समजूत काढली की ते मूल तसंही वाचलं नसतं. डॉक्टरही तेच म्हणाले. कदाचित खरंही असेल. पण मला दिवसरात्र एकच दिसत होतं : ते खोकं मला पायाशी ठेवता आलं असतं. मांडीवर जागा होती.

घरी पत्र लिहिलं. आईचं उत्तर आलं, "देवाची इच्छा." आयुष्यभर ऐकलेले ते दोन शब्द, पण त्या दिवशी मला त्यांची चीड आली. जे माझ्या हातून झालं ते देवाच्या नावावर कसं टाकायचं? मी प्रार्थनेला बसायची आणि तोंडातून शब्द निघायचा नाही. रविवारी गाणं म्हणताना ओठ हलायचे, तेवढंच. पुढे माझी बदली झाली, पगार वाढला, लग्न ठरलं, नवं घर झालं. ज्याला लोक सुख म्हणतात ते एकेक करून दाराशी येत होतं. पण पहाटे जाग यायची आणि छातीवर काहीतरी ठेवल्यासारखं वाटायचं. अशी अडीच वर्षं गेली.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की सुख आणि शांती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुख बाहेरून येतं आणि आलं तसं जातं. शांती अशी आणून ठेवता येत नाही. मनात एखादा हिशेब चुकता व्हायचा राहिला असेल, तर बाहेरून आलेलं सुख त्याच्यावर नुसतं पांघरूण घालतं.

१९९५च्या उन्हाळ्यात माहेरी गेले असताना आईच्या कपाटात पंडिता रमाबाईंच्या आत्मनिवेदनाची जुनी प्रत सापडली. रमाबाईंचं नाव कुणाला माहीत नाही? पण मला माहीत होत्या त्या शाळेच्या पुस्तकातल्या रमाबाई : संस्कृतच्या पंडिता, शारदा सदन काढणाऱ्या. त्या दुपारी मला वेगळ्याच रमाबाई भेटल्या.

त्यांचा जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं, आणि आईनं मुलीला. हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणं सांगत फिरायचं. १८७०च्या दशकात दुष्काळ पडला आणि पुराण ऐकणारंच कुणी उरलं नाही. जवळचं सगळं विकून झालं. झाडपाला खाऊन दिवस काढले. वडील गेले, मागोमाग आई गेली, पुढे थोरली बहीण गेली. रमाबाई आणि त्यांचा भाऊ श्रीनिवास असे दोघंच उरले आणि पायी चालत देशभर फिरले. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. १८८०मध्ये भाऊ गेला, त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झालं आणि १८८२मध्ये तेही पटकीनं गेले. चोविसाव्या वर्षाच्या आतच ही बाई पदरात मुलगी घेऊन एकटी उभी होती.

म्हणजे भूक काय असते, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. माझ्या मनात तोवर एक प्रश्न होता : पोटात अन्न नसलेल्या माणसापुढे मनःशांतीचं बोलणं म्हणजे भरल्या पोटाची चैन नाही का? रमाबाईंचं पोट भरलेलं नव्हतं. म्हणून मी पुढे वाचत गेले.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबरला वाँटेज इथं त्यांनी बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात मोठी खळबळ माजली. पुढे त्या अमेरिकेला गेल्या, परत आल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं. पहिल्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई होत्या. पुढे महर्षी कर्व्यांनी त्यांच्याशी पुनर्विवाह केला आणि त्या आनंदीबाई कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या. जगाच्या दृष्टीनं रमाबाईंचं सगळं सुरळीत चाललं होतं. धर्म मिळाला होता, काम मिळालं होतं, नाव मिळालं होतं.

आणि त्या स्वतः मात्र मोकळेपणानं सांगतात की या सगळ्या वर्षांत त्यांना समाधान नव्हतं. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षं गेल्यावर, १८९१च्या सुमारास, त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडला नाही. धर्माची तत्त्वं पटली होती, वादात त्या कुणालाही हार गेल्या नसत्या. पण आपण केलेल्या चुकांचं ओझं आपल्याच खांद्यावर वाहत होत्या, चांगलं काम करून ते फेडू बघत होत्या. ज्या दिवशी त्यांनी हे ओझं उतरवून ठेवलं आणि क्षमा ही कमवायची नसून नुसती हात पुढे करून घ्यायची असते हे मानलं, त्या दिवशी त्यांना शांती मिळाली.

मी पुस्तक मिटलं. एवढी विद्वान बाई, आणि तिला आठ वर्षं लागली! मग मला अडीच वर्षं लागली तर काय नवल? माझ्याही घरात तिजोरी होती, आत काय आहे ते मी कधी उघडून पाहिलं नव्हतं. तोवर माझ्या हातून असं काही घडलंच नव्हतं की मला क्षमेची गरज भासावी. निर्दोष माणसाला तारणारा कशाला हवा?

त्या रात्री मी आईच्या देवघरात, म्हणजे आमच्याकडे बायबल ठेवलेल्या कोनाड्यापुढे, बसले. प्रभूनं शिकवलेली प्रार्थना म्हणायला लागले. हजारो वेळा म्हटलेली. पण त्या दिवशी तिच्यातली एक जोडणी पहिल्यांदा दिसली. त्या प्रार्थनेत रोजची भाकर मागितली आहे आणि लगेच तिच्या पाठीला लागून क्षमा मागितली आहे. भाकर आधी, क्षमा नंतर, मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही. मला वाटलं, येशूला माणसाची दोन्ही पोटं माहीत होती. भाकरीशिवाय नुसती शांती देऊ पाहणारा माणूस लबाड, आणि भाकर देऊन मनातल्या ओझ्याकडे न पाहणारा अर्धवट. मी मोठ्यानं म्हटलं, "प्रभू, मांडीवर जागा होती. मी त्याला घेतलं नाही." बाकी काही बोलले नाही. ते मूल तसंही वाचलं नसतं, हे सांगितलं नाही. ओहोळ भरत होता, हे सांगितलं नाही. कारणं संपली तेव्हा खूप रडले आणि अडीच वर्षांनी पहिल्यांदा सकाळपर्यंत झोपले.

आता तुम्ही म्हणाल, मग झालं, शांती मिळाली. मलाही तसंच वाटलं होतं. पण खरी क्षमा मिळाली की माणूस स्वस्थ बसत नाही. मला वावरला जावंसं वाटू लागलं.

पावसाळा सरल्यावर गेले. त्या बाईचं घर शोधून काढलं. ती खळ्यावर नागली झोडत होती. मला पाहिलं आणि म्हणाली, "बाय, तू जेवलीस का नाय?" तिकडे सगळ्यांना 'तू'च म्हणतात, कलेक्टरलाही. त्या 'तू'त मोठी माया असते. मी तिच्या शेजारी बसले आणि जे सांगायचं होतं ते सांगितलं. गाडी घेऊन येते म्हणाले होते, आले नाही, माझं चुकलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आम्ही वाट कुठं पाहिली? गाडी येते म्हणतात, येत नाय."

श्रोतेहो, तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "माफ केलं" म्हणाली असती तरी बरं वाटलं असतं. पण तिच्या लेखी माझ्या शब्दाला काही किंमतच नव्हती. मी अडीच वर्षं ज्या वचनाच्या ओझ्याखाली दबले होते, ते वचन तिनं कधी खरं धरलंच नव्हतं. एवढ्या पिढ्यांत एवढी माणसं येऊन "उद्या येतो" म्हणून गेली होती.

तिनं भाकर दिली, नव्या नागलीची, वर मिरचीचा ठेचा. घरात कोपऱ्यात धान्याची पूजा मांडलेली होती. वारली लोक धान्याला कणसरी माता म्हणतात. दाणा सांडला तर उचलून कपाळाला लावतात. मी मनातल्या मनात रोजच्या भाकरीबद्दल आभार मानले आणि तिनं तिच्या कणसरीला हात जोडले. आम्ही दोघी एकाच भाकरीपुढे बसलो होतो.

त्या दिवशी मी ठरवलं, आणि पुढच्या वर्षी अर्ज करून जव्हार-मोखाड्यात बदली मागून घेतली. तिकडे बदली मागणारी बाई पाहून कार्यालयातले लोक हसले. पुढे अकरा वर्षं मी तिथं होते. एकच नियम पाळला : "उद्या येते" असं म्हणायचं नाही. म्हटलं तर जायचं, चालत जावं लागलं तरी. चौथ्या-पाचव्या वर्षी एका पाड्यावर पोहोचले तेव्हा एक म्हातारी दुसरीला सांगत होती, "मी बोललो होतो ना, ही येल." माझ्या आयुष्यात मला मिळालेलं ते सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्र आहे.

मला नेहमी एक प्रश्न विचारला जातो आणि तो मी टाळणार नाही. तिथं तुम्ही लोकांचं धर्मांतर केलंत का? नाही. मी सरकारी पगारावर बाळांची वजनं करायला गेले होते. भुकेल्या माणसापुढे एका हातात पावडरचं पाकीट आणि दुसऱ्या हातात धर्म धरणं मला पटत नाही, प्रभूलाही पटलं नसतं असं मला वाटतं. त्यानं लोकांना भाकर दिली ती ते भुकेले होते म्हणून. कुणी विचारलं, "बाय, तू डोळे मिटून काय बोलतेस?" तर मी सांगायची. कुणी विचारलं नाही तर सांगायची नाही. हा वाद जुना आहे. रमाबाईंवरही १८९३मध्ये हाच आरोप झाला, पुण्यात मोठं वादळ उठलं. रानडे-भांडारकरांसारख्यांनी सल्लागार मंडळ सोडलं आणि पालकांनी मुली काढून नेल्या. दोन्ही बाजूंनी काय काय म्हटलं गेलं ते आज वाचताना मन खिन्न होतं.

पण मला त्या प्रसंगात दिसते ती दुसरी गोष्ट. एवढा आधार एका वर्षात निसटला, तरी ही बाई कोसळली नाही. १८९६-९७च्या दुष्काळात ती मध्य प्रांतात गेली आणि उपासमारीनं हाडांचा सापळा झालेल्या तीनशेच्या आसपास मुली घेऊन आली. दौंडजवळच्या केडगावला तिनं आधीच जमीन घेऊन ठेवली होती. तिथं मुक्ती सदन उभं राहिलं. १९००च्या गुजरातमधल्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दीड हजारांच्या वर गेली. विहिरी, शेती, गोठा, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, सगळं मुली चालवायच्या. आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवली जायची. स्वतः उपाशी राहिलेली मुलगी मोठी होऊन हजारो भुकेल्यांची आई झाली. शांती मिळाल्यावर तिनं डोळे मिटून बसायचं ठरवलं असतं तर हे झालं नसतं.

आणि दुःख तिला पुन्हा भेटलं नाही असंही नाही. एकुलती एक मुलगी मनोरमा, तिच्या सगळ्या कामाची वारस, जुलै १९२१मध्ये आईच्या आधी गेली. रमाबाई तेव्हा मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. लेक गेल्यावरही त्यांनी ते काम खाली ठेवलं नाही. मुद्रितं तपासून संपवली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी झोपेतच त्यांनी देह ठेवला. ज्याला टिकणारी शांती म्हणतात ती ही. तिच्यात रडणं असतं. पण रडताना हातातलं काम सुटत नाही.

प्रत्येकाची वाट अशीच असते असं नाही. रेव्हरंड टिळकांना, म्हणजे कवी नारायण वामन टिळकांना, आगगाडीच्या प्रवासात एका परक्या माणसानं नवा करार दिला. पर्वतावरच्या प्रवचनापाशी ते अडखळले आणि तिथंच अडकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण त्यांना जी शांती मिळाली तिनं लक्ष्मीबाईंच्या आयुष्यात आधी आगच लावली. 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना ती वर्षं माहीत आहेत. लक्ष्मीबाई नवऱ्यामागून लगेच गेल्या नाहीत. भांडल्या, रुसल्या, दूर राहिल्या आणि १९००मध्ये स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या विचारानं आल्या. मला यातून एवढंच समजतं की कुणाची शांती कुणाला उसनी घेता येत नाही. नवऱ्याची बायकोला नाही, आईची मुलीला नाही.

आता थोडं रोजच्या जगण्याबद्दल, कारण "मिळाली" म्हटल्यावर ती टिकते कशी, हा तुमचा खरा प्रश्न आहे. मी काही फार करत नाही. सकाळी चहाच्या आधी दहा मिनिटं गप्प बसते. शुभवर्तमानातला एखादा छोटा प्रसंग वाचते, फार नाही. रात्री निजण्याआधी दिवसभरात कुणाला काय बोलले, काय राहून गेलं ते प्रभूसमोर जसंच्या तसं सांगते आणि ज्याचं ऐकायचं राहिलं त्याला सकाळी फोन करते. भाकर जशी रोजची रोज भाजावी लागते, कालची शिळी होते, तशी क्षमाही रोजची रोज. साठवून ठेवता येत नाही.

आणि एका गोष्टीपासून मी दूर राहते. हल्ली काहीजण सांगतात की विश्वास ठेवा, म्हणजे आजार पळतील, कर्ज फिटेल, धंदा वाढेल. मला ते पटत नाही. येशूनं शिष्यांचा निरोप घेताना शांती देऊ केली ती जग देतं तशी नव्हे, असं त्यानं स्वतःच स्पष्ट केलं, आणि दुसऱ्या दिवशी तो क्रुसावर गेला. त्या शांतीत कर्ज फिटण्याची हमी नव्हती. आजारी माणसाला मी नेहमी सांगते, प्रार्थना कर आणि गोळीही वेळेवर घे.

वावर आता पुष्कळ बदललं आहे. रस्ता आहे, मोबाइल आहे, अंगणवाडी आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आदिवासी मातांना एक वेळचा चौरस आहार देणारी अमृत आहार योजना २०१५पासून आली. तरीही दिवाळी झाली की घरंच्या घरं वीटभट्टीवर, वसई-भिवंडीकडे कामाला निघतात आणि त्यांच्याबरोबर कडेवरची पोरंही. कुपोषण गेलेलं नाही. मी निवृत्त झाले तरी वर्षातून दोनदा जाते. निघताना ती बाई नागलीची पुरचुंडी बांधून देते. फोन आला तेव्हा मी निवडत होते ती तीच नागली.

तिच्या धाकट्या मुलीला आता एक मुलगा आहे. गेल्या खेपेला गेले तेव्हा त्या मुलीनं त्याला आणून, न विचारताच, माझ्या मांडीवर ठेवलं आणि ती पाण्याला गेली. दोन वर्षांचा, चांगला अकरा किलोचा. माझे पाय दुखायला लागले तरी मी हलले नाही.

त्या मुलाची आठवण गेली का, असं विचाराल तर नाही. ती जायचीही नाही, जाऊही नये. पण आता पहाटे जाग आली की छातीवर ओझं नसतं. आज कुणाकडे जायचं आहे, ते आठवतं. मी उठते, चहा टाकते आणि जाते.